सील शाबूत आहे का?

चि. चिऊस,

रसायनशास्त्रातली बीएस्सी झाल्यावर न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी. करू, क्रिमिनॉलॉजीत एम.ए. करू, की आधी एलएलबी आणि मग एलएलएम, असं तू विचारलं आहेस. तुझ्या बाबांना एका ओळीचं उत्तर हवं आहे. तुला मात्र सविस्तर लिहिते, कारण नुसतं कॉलेजचं नाव सांगून तुझं काम व्हायचं नाही.

मी नोकरीचा सगळा काळ राज्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत, विषशास्त्र विभागात काढला आणि नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांत वकिलीही शिकले. प्रयोगशाळेच्या टेबलाशीही बसले, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभी राहिले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. यंत्र चुकलं म्हणून खटला बुडाला, असं क्वचितच घडतं. वस्तू घटनास्थळावरून पोलीस ठाण्यात, ठाण्यातून प्रयोगशाळेत आणि तिथून कोर्टात जाते, त्या हातबदलात तो बुडतो. विज्ञान, गुन्हेशास्त्र आणि कायदा या तीन खोल्यांत आपापले गुरुजी मन लावून शिकवतात, पण खोल्यांना जोडणाऱ्या पडवीत कोणी फिरकत नाही. तुझी दोन वर्षं त्या पडवीत येण्याजाण्यात जायला हवीत.

आधी कोर्सचं सांगून टाकते. पोस्टमॉर्टेम करायचं तुझ्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाक. तो एमबीबीएस झालेल्या, त्यातही फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एम.डी. केलेल्या डॉक्टरांचा प्रांत आहे. एम.एस्सी. झालेली मुलं शवविच्छेदन करत नाहीत, शवागारातून आलेल्या बाटल्या तपासतात. दरवर्षी कितीतरी मुलं हा घोळ घेऊन प्रवेश घेतात आणि दुसऱ्या सत्रात हिरमुसतात. तसंच एलएलएमला एलएलबी लागतेच, एम.एस्सी.वर ते दार उघडत नाही. एलएलबी झालेली असेल तर 2013 पासून एका वर्षाचं एलएलएमही करता येतं, आणि आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्थाही याच तीन शहरांत आहेत. गांधीनगरचं न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आधी राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालं, 2020 साली संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय झालं. त्याचं एक संकुल गोव्यात आहे आणि प्रवेशाला त्यांची स्वतःची परीक्षा असते. गुन्हेशास्त्राकडे समाजकार्याच्या अंगानं जायचं तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आणि तिथल्या 'प्रयास' प्रकल्पाचं तुरुंगातल्या आणि पोलीस ठाण्यांतल्या माणसांबरोबरचं काम 1990 पासून चालू आहे. परदेशी जायचा विचार असेल तर तिथली पदवी इथल्या सरकारी भरतीत समकक्ष धरली जाते की नाही, ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घे.

माझं मत विचारशील तर तू एम.एस्सी. कर. रसायनात तुझा हात चांगला आहे. नोकरीत रुळलीस की तीन वर्षांची एलएलबी कर. तिन्ही पदव्या एकदम मिळवायच्या हव्यासात पडू नकोस. पदवी एक असू दे, वाचन तिन्हीचं असू दे.

हल्ली गल्लोगल्ली खासगी कॉलेजांत हा विषय निघाला आहे. माहितीपत्रकातल्या यंत्रांच्या फोटोंवर जाऊ नकोस. प्रत्यक्ष जा आणि गॅस क्रोमॅटोग्राफ शेवटचा कधी चालवला होता, त्याची नोंदवही दाखवा म्हण. शिकवणाऱ्यांपैकी कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिलेलं कोणी आहे का, ते विचार. गेल्या दोन वर्षांतली मुलं कुठल्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपला गेली, ते त्या मुलांनाच फोन करून विचार. ही तीन उत्तरं नीट मिळाली नाहीत तर फी कितीही कमी असली तरी परत ये.

आता मुद्द्याचं. पुस्तकातला नमुना नेहमी स्वच्छ परीक्षानळीत असतो. खरा नमुना कसा येतो ते सांगते. पोलीस शिपाई खांद्यावरच्या पिशवीतून खाकी कागदात बांधलेलं पार्सल काढतो. दोऱ्याच्या गाठींवर लाखेची सीलं असतात. वर एक लेबल, त्यावर गुन्हा नंबर, वस्तूचं वर्णन, दोन पंचांच्या सह्या, तपास अधिकाऱ्याची सही आणि तारीख. सोबत पत्र, आणि पत्रावर त्याच सीलाचा नमुना. पार्सल उघडायच्या आधी सील नमुन्याशी ताडून बघायचं, किती सीलं आहेत ती मोजायची, लेबलवरचं वर्णन पत्रातल्या वर्णनाशी जुळतं का ते पाहायचं. 'सील शाबूत व पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम' या ओळीवर तुझ्या पुढच्या सगळ्या पृथक्करणाचा डोलारा उभा असतो. पत्रात 'निळा शर्ट' आणि पार्सलात हिरवट चौकड्यांचा शर्ट निघाला, तर आहे तसंच लिही. 'त्यांना हाच म्हणायचा असेल' असं मनानं ठरवून पुढे जायचं नाही.

आत काय निघेल याचीही तयारी ठेव. रक्तानं भिजलेला सदरा कोणीतरी ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला असतो. बुरशी धरलेली, वास सुटलेला. असे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात हे पोलिसांना सांगणारंही कोणी लागतं, ते तू हो. व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या, बाटल्यांत मिठाचं संपृक्त द्रावण हवं, बाटली दोन-तृतीयांशाच्या वर भरलेली नको, कारण वायू साठून झाकण उडतं. आणि त्या द्रावणाचा कोरा नमुना वेगळ्या बाटलीत हवाच. तो नसेल तर सापडलेलं विष मृताच्या शरीरातलं की द्रावणातून आलेलं, या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. एखाद्या नवख्या डॉक्टरनं सवयीनं फॉर्मॅलिन ओतलेलं असतं. ते ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला ठीक, विषाच्या तपासणीत मात्र अडसर होतं. दारूच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तात सोडियम फ्लोराइड का घालतात? जंतू साखर आंबवून नळीतच अल्कोहोल तयार करू शकतात म्हणून. अशा प्रत्येक नियमामागचं कारण पाठ असू दे, कारण कोर्टात नियम कोणी विचारत नाही, कारणच विचारतात.

विषांच्या बाबतीत एक आपल्याकडचं सांगते. जुनी पुस्तकं सोमल आणि सायनाइडवर पानंच्या पानं लिहितात. न्यायवैद्यक आणि विषशास्त्रावरचं डॉ. मोदींचं 1920 सालचं पुस्तक आजही नव्या आवृत्त्यांत निघतं आणि ते तू वाचच. पण विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या बाटल्यांत बहुतेक वेळा कीटकनाशक असतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा त्यांनी नेमकी कुठली औषधं एकत्र मिसळली होती हे कळणं उपचारांसाठीही महत्त्वाचं होतं आणि जबाबदारी ठरवायलाही. धान्यात ठेवायच्या गोळ्यांतलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड असेल तर फॉस्फीन वायू उडून जातो, बाटली घट्ट नसेल आणि नमुना महिनाभर ठाण्यात पडून राहिला तर हाती फारसं काही लागत नाही. म्हणून कृषी सेवा केंद्रात जा, डब्यांवरची नावं लिहून आण, त्यांची रासायनिक कुळं लाव. ही यादी तुला परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लागेल.

आता कायद्याकडे वळते. विज्ञानाच्या मुलांनी निकालपत्र वाचायला शिकलं पाहिजे, आणि पहिलं निकालपत्र पुण्याच्या खटल्याचं वाच: शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1984. एका नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू झाला होता. पतीला सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्यात आहेत, ती वकील पाठच करतात. पण तुझ्यासाठी त्यातली वेगळी जागा महत्त्वाची आहे. विष देऊन खून केल्याचं सिद्ध करायला चार गोष्टी लागतात, असं न्यायालय सांगतं: आरोपीला विष देण्याचा स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्याच विषानं झाला, ते विष आरोपीकडे होतं आणि ते द्यायची त्याला संधी मिळाली. या चारांपैकी तुझ्या अहवालात फार तर एका गोष्टीचं उत्तर असतं. ही मर्यादा पहिल्याच वर्षी अंगी मुरली तर अहवालात एक शब्दही जास्तीचा लिहिला जाणार नाही.

या मर्यादेचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. बोटांच्या ठशांचं पहिलं केंद्र 1897 साली कलकत्त्यात निघालं. ठशांची जी वर्गवारी हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं जगभर गेली तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांची मेहनत होती. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. पंचांगावर उमटलेला ठसा आधी कामाला असलेल्या नोकराशी जुळला. न्यायालयानं त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडलं. ठशानं एवढंच सांगितलं होतं की या बोटांनी त्या कागदाला स्पर्श केला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायालयानं ठशाला त्याच्या मापाइतकंच वजन दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

डीएनएच्या बाबतीत हे भान जास्त लागतं, कारण डीएनए म्हटलं की सगळे माना डोलावतात. ठाणे जिल्ह्यातल्या एका लहान मुलीच्या खुनाच्या खटल्यात, प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2023 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं फाशी रद्द करून आरोपीला सोडलं. नमुने पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा नव्हता, दरम्यान त्यांत भेसळ झाली नसेल असं म्हणता येत नव्हतं. त्याआधी 2022 मध्ये दिल्लीच्या एका खटल्यातही मुद्देमालखान्यात पडून राहिलेल्या नमुन्यांवरून हेच झालं. शेवटी जुलै 2025 मध्ये तामिळनाडूच्या कट्टवेल्लई खटल्यात न्यायालयानं देशभरासाठी सूचना दिल्या: डीएनएचा नमुना घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण नोंदवलं पाहिजे, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला त्याची नोंदवही ठेवली पाहिजे आणि ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडली पाहिजे. हे तिन्ही निकाल एका बैठकीत वाच. एका मुलीच्या आईबापांना न्याय मिळाला नाही, आणि दोषी कोण हे आता कधी कळेल की नाही सांगता येत नाही. मुद्देमाल कारकुनाची नोंद किती मोलाची असते ते असे निकाल वाचून कळतं.

डीएनएच्या अहवालातला आकडाही समजून घे. समज, नमुना खराब आहे, प्रोफाइल अर्धवट मिळालं आहे आणि अहवाल म्हणतो की असं प्रोफाइल दहा लाखांत एकाचं असतं. कोर्टात लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे आरोपी निर्दोष असायची शक्यता दहा लाखांत एक. साफ चूक. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. त्या हिशेबानं एकट्या महाराष्ट्रातच सुमारे 112 माणसांशी ते जुळेल. त्यांतला हाच माणूस हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो. संख्याशास्त्राचा पेपर ऐच्छिक असेल तर तो आवर्जून घे. वकिलीच्या मुलींना तर मी हे हात जोडून सांगते, कारण हा आकडा कोर्टात वाचून दाखवणारे खूप असतात आणि त्यावर प्रश्न विचारणारे फार थोडे.

डिजिटल पुराव्यासाठी जालन्याचा निकाल वाच. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरायचं होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, 2020. मूळ उपकरणच कोर्टात आणलेलं नसेल तर चित्रणासोबत प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात ठाम केलं. तेव्हाचं ते 65-ब कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 63 वं कलम झालं आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे, त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञानं भरायचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्यावरून संगणकानं काढलेला ओळखक्रमांक, लिहायचं. तू रसायनवाली असलीस तरी हॅश काढायला शीक. एका फोटोचं हॅश काढ, मग त्यातला एखादा ठिपका बदल आणि पुन्हा काढ. अख्खा आकडा बदललेला दिसेल. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की प्रमाणपत्राचं प्रयोजन कोणी समजावून सांगावं लागत नाही.

1 जुलै 2024 पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडविधानाखाली वर्षानुवर्षं चालत राहणार आहेत. म्हणून जुनी आणि नवी कलमं जोडीनं पाठ कर: खून 302 आणि 103, तज्ज्ञाचं मत 45 आणि 39, सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल 293 आणि 329, मरणोत्तर चौकशी 174 आणि 194. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, 176 व्या कलमाचं तिसरं पोटकलम तुझ्या पोटापाण्याचं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं त्यानं बंधनकारक केलं आहे, आणि राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत. पण भरती मंजूर व्हायला वेळ लागतो, मधल्या काळात कंत्राटी जागा निघतात, त्यांना नाकं मुरडू नकोस. आणि रात्री दोनला शेतात, पावसात, मृतदेहाशेजारी उकिडवं बसून काम करायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारून ठेव.

घटनास्थळाची भाषा पंचनाम्याची असते आणि पंचनामा मराठीत असतो. 'पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस नाला' अशी चतुःसीमा, प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला, भिंतीवर डाग जमिनीपासून किती उंचीवर. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना हे कागद वाचताच येत नाहीत, मग ती अहवालापुरतं पाहतात आणि घटना त्यांच्या डोळ्यांसमोर उभीच राहत नाही. ओळखीच्या वकिलांकडून निकाल लागलेल्या जुन्या खटल्याचं दोषारोपपत्र मागून घे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. एकच वस्तू धर, समज रक्त लागलेला कोयता. तो पंचनाम्यात कोणत्या तारखेला आला, मुद्देमाल नोंदवहीत कधी चढला, प्रयोगशाळेच्या पत्रात त्याचं वर्णन काय, रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) अहवालात त्याला कोणता क्रमांक मिळाला, कोर्टात तो कोणाला दाखवला आणि निकालपत्रात त्याबद्दल काय लिहिलं. एवढं एकदा मन लावून केलंस तर अर्धा अभ्यासक्रम झाला म्हणून समज.

गुन्हेशास्त्राला विज्ञानाची मुलं दुय्यम समजतात, ते मला अजिबात मान्य नाही. अंकुश मारुती शिंदे खटला वाच. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 सालच्या भीषण दरोड्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली, 2009 साली सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. मग 2019 साली त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. जखमी साक्षीदार बाईनं सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, त्याचा पाठपुरावा झालाच नव्हता. सोळा वर्षं गेली त्या माणसांची. संशय त्यांच्यावरच का स्थिरावला, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यासाठी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाचावा लागतो, तो 1952 मध्ये गेला तरी पोलीस ठाण्यातल्या सवयी कशा राहिल्या ते पाहावं लागतं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांकडेही नीट डोळसपणे बघ. 2022 अखेर देशातल्या कैद्यांपैकी 75.8 टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नव्हता. त्यांतले काही तुझ्या प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत आत बसलेले असतील. टेबलावरची फाइल उद्यावर ढकलताना हे ध्यानात असू दे.

आणि तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत असा वैद्यकीय अहवाल होता, आणि जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं लावून पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या शिक्षकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि 1983 साली कायदा बदलला. अहवालातल्या 'नाही' या शब्दाचा कोण कसा उपयोग करील, याचा विचार लिहिणाऱ्यानं करायलाच हवा. 'जखमा आढळल्या नाहीत' याच्यापुढे 'त्यावरून संमतीबाबत निष्कर्ष काढता येत नाही' एवढं लिहायला हात कचरता कामा नये.

नवं तंत्र आलं की हुरळून जायचं नाही. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं मेंदूच्या विद्युत नोंदींच्या चाचणीचा आधार घेत खुनाची शिक्षा दिली तेव्हा जगभर चर्चा झाली. दोन वर्षांत सेल्वी निकाल आला आणि नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. कोणी नव्या चाचणीचं व्याख्यान द्यायला आलं की चुकीचं प्रमाण किती, ते कोणी आणि कशावर मोजलं, एवढंच विचार.

साक्ष द्यायचे प्रसंग येतीलच. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल सहसा तज्ज्ञाला न बोलावताही वाचला जातो, पण बचाव पक्षानं मागणी केली तर न्यायालय बोलावू शकतं. जाताना अहवालाबरोबर हातानं लिहिलेली टिपणवही ने, आलेखांचे कागद ने. विचारलं तेवढंच सांग, न्यायाधीशांकडे बघून सांग, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. सरकारी वकील गोड बोलून 'म्हणजे हे रक्त मृताचंच ना' असं वदवून घेऊ बघतील. रक्त मानवी आहे आणि गटाबद्दल निष्कर्ष निघाला नाही, असं अहवालात असेल तर तेवढंच पुन्हा म्हण. तू पोलिसांची साक्षीदार नाहीस, आरोपीचीही नाहीस. आत्तापासून महिन्यातून एक दिवस जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस. बंद दाराआडचे खटले सोडले तर कोणालाही बसता येतं. डॉक्टरांची उलटतपासणी असेल त्या दिवशी मुद्दाम जा.

घरचं माणूस म्हणून दोन गोष्टी. घटनास्थळाचा एकही फोटो तुझ्या स्वतःच्या फोनमध्ये येता कामा नये, मैत्रिणींच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. आणि लहान मुलांच्या खटल्यांतल्या वस्तू हाताळलेल्या दिवशी जेवण जाणार नाही, झोप लागणार नाही. हे दुबळेपणाचं लक्षण नव्हे. नावगाव न सांगता विभागातल्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोल, मला फोन कर, गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा.

राहिला प्रबंध. मुलं 'भारतातील सायबर गुन्हेगारी' असले अफाट विषय घेतात आणि दुसऱ्यांचंच लिहिलेलं गोळा करतात. तू छोटा आणि इथला विषय घे. देवनागरी हस्ताक्षरावर रोमनच्या मानानं काम फारच कमी झालं आहे: शिरोरेषा आधी की नंतर, वेलांटी कुठून सुरू होते, काना शिरोरेषेला भिडतो की सुटा राहतो, आणि मुद्दाम अक्षर बदललं तर यातलं काय बदलत नाही. हे कागदांच्या तपासणीचं झालं. तुला रसायनच हवं असेल तर सुती, खादी आणि नायलॉनच्या कापडावर वाळलेल्या डागातून कीटकनाशक किती दिवसांनी सापडतं ते बघ. कापडाचे तुकडे दमट हवेत आणि कडक उन्हाळ्यात दोन्हीकडे ठेवावे लागतील, म्हणून विषय पहिल्याच पावसाळ्यात ठरव आणि मार्गदर्शकांची लेखी संमती घेऊन ठेव. कापडाचे नमुने इचलकरंजीहून मागवून द्यायची सोय मी करते, किती मीटर लागेल ते कळव.

तुझी,
आत्या